सातव्या ओळीचं पाणी

हरितगृहातल्या व्हॉल्व्हच्या पेटीची किल्ली बावीस वर्षं आत्याच्या कमरेला होती. तिथे ती सगळ्यांचीच आत्या. पण नवा मॅनेजर तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्यानं आल्या आल्या फर्मान काढलं, टोमॅटोची झाडं लावलेल्या पिशव्यांखालून थेंबही गळता कामा नये. गळलं ते वाया गेलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आत्यानं शहाणपण गुंडाळून ठेवलं. बाकीच्या ओळींचं पाणी तिनं कमी केलं, पण सातव्या ओळीला ती पूर्वीइतकंच देत राहिली, तेही भर दुपारी, सगळ्यांदेखत.

पंधरा दिवसांनी भाचा मीटरचा कागद नाचवत आला.

"आत्या, सातवी ओळ पाचवा हिस्सा जास्त पाणी पितेय! बाहेर पाण्याची बोंब आणि तू उधळतेस? किल्ली दे."

आत्याला राग आलाच, पण वाईट जास्त वाटलं. या पोराला चालायला तिनंच शिकवलं होतं.

"देते. आधी जीभ काढ. लहानपणी औषधाला काढायचास तशी."

तिनं तिसऱ्या ओळीतल्या पिशवीत मातीऐवजी भरलेला ओला काथ्या पिळून एक थेंब त्याच्या तळहातावर पाडला. भाच्यानं चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट!"

"खतातलं मीठ. झाड पाणी पितं, मीठ पिशवीत साठतं. थोडं पाणी खाली गळलं तरच ते धुऊन जातं."

तिसऱ्या ओळीतल्या पानांच्या कडा करपल्या होत्या. भाच्यानं तो रोग समजून औषध मागवलं होतं. सातवी ओळ हिरवीगार होती.

"पण गळलेलं वायाच ना?" त्याची मोडेन पण वाकणार नाही ही खोड घरचीच.

"पिशव्यांखालची पन्हळ दिसत नाही तुला? ते पिंपात जातं. साधं पाणी मिसळून मी बाहेरच्या चाऱ्याला घालते. तिथला नळ पंधरा दिवसांत निम्मासुद्धा चालला नाही. तो मीटर वाचलास?"

भाच्यानं कागद घडी करून खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "वरून हुकूम आहे, आत्या. किल्ली द्यावीच लागेल."

आत्यानं पेटी उघडली. एकेक करून सगळ्या ओळींचे व्हॉल्व्ह पूर्ण सोडले आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"घे. बंद करायचे तर खुशाल कर. पण रोज सकाळी प्रत्येक ओळीचं पाणी तू चाखायचंस. मी बावीस वर्षं तेच केलंय."

पिशव्यांखालून पाणी ठिबकू लागलं, पन्हळ भरून वाहिली आणि त्याचे बूट भिजले. भाचा किल्ली मुठीत धरून उभा राहिला. पेटीकडे काही तो गेला नाही.