काजूच्या ड्रायरचं क्लॉक

कट्टा गावात विमलाताईंचा काजूगर काढायचा लहानसा कारखाना आहे. तिथल्या ड्रायरवर लवू कामाला होता. गर बोटांत दाबून तो आच कमी-जास्त करायचा. मग विमलाताईंच्या भाचीने, गौरजाने, पुण्याहून स्वतः बनवलेला एक डबा आणून बसवला. ड्रायरचं तापमान बदललं की डबा वायफायवरून विमलाताईंच्या फोनवर कळवायचा. लवूच्या मते तो त्याच्यावर नजर ठेवायला आणला होता.

पहिला डबा वीज पडून जळला. गौरजाने नवा पाठवला, आणि तो दुपारी मुका होऊ लागला. दुपारी सगळे जेवायला घरी जात. ड्रायरजवळ फक्त लवू असे. विमलाताई परत येऊन प्लग काढून पुन्हा लावत, की डबा ठणठणीत. म्हणजे डब्यात दोष नाही, असं त्यांनी ठरवलं.

"तूच बंद करतंस," त्या म्हणाल्या.

"वयनी, मी हात लावूक नाय."

"मगे आपणच बंद पडता?"

लवूने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. विमलाताईंनी स्वतः ड्रायर चालवला. गर विटकरी रंगाचे झाले.

त्यांनी गौरजाला फोन केला. "त्या डब्याचा बटण लपवता येईल का गो?"

"आत्या, त्याला बटणच नाही."

विमलाताईंनी तिला येऊन बघायला सांगितलं.

गौरजा शनिवारी आली आणि लॅपटॉप घेऊन ड्रायरसमोर बसली. दुपारी तापमान स्थिर झालं, कळवण्यासारखं काही उरलं नाही, आणि डब्यातली वायफायची चिप नेहमीसारखी झोपी गेली. ती पुन्हा उठली नाही. डब्याचा हिरवा दिवा चालू होता. जवळपास गौरजाशिवाय कुणी नव्हतं.

झोपेत असताना कधी उठायचं हे त्या चिपला एका संथ क्लॉकच्या ठोक्यांवरून कळतं. ते ठोके वीज सांभाळणाऱ्या दुसऱ्या चिपमधून येतात. जुन्या डब्यात ते कायम चालू असायचे. नव्यात ती दुसरी चिप वेगळ्या कंपनीची होती, आणि सुरू होताना डब्याची प्रणाली कुणी न मागितलेलं क्लॉक बंद करून टाकायची. वायफायला क्लॉक लागतं, हे गौरजाने त्या प्रणालीत कुठेच लिहिलं नव्हतं. तिने ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चिप झोपली आणि उठली.

"आता लवूला सांगायला हवं," ती म्हणाली.

"तू सांग. तुका समाजता त्यातला."

"संशय तुम्ही घेतलात."

दोघी लवूच्या घरी गेल्या. तो घरापुढच्या खळ्यात बसून दोरी वळत होता. त्याच्या बायकोने, सुगंधाने, खुर्च्या मांडल्या आणि ती दारातच उभी राहिली. विमलाताई खुर्चीच्या टोकाला टेकल्या.

"लवू, त्या डब्यात एक क्लॉक आसा," त्यांनी सुरुवात केली. "ता बंद होता. म्हणान दुसरी चिप झोपली ती उठाक नाय."

लवू दोरी वळत राहिला.

"वीज सांभाळणारी चिप आसा, तिच्यातना ता क्लॉक येता. कोणी मागूक नाय, म्हणान बंद केल्यानी."

"कोणी बंद केल्यानी?"

"डब्यानच."

"मी नाय?"

"नाय."

"मगे चूक कोणाची?"

"गौरजाची," विमलाताई चटकन म्हणाल्या.

"माझी," गौरजाने मान डोलावली.

लवूने दोरी खाली ठेवली. "आणि तुमची, वयनी?"

विमलाताईंनी पदर सारखा केला, सुगंधाकडे पाहिलं, आणि क्लॉकबद्दल आणखी काही आठवतं का ते पाहिलं. आठवलं नाही.

"माझी पण आसा," त्या म्हणाल्या. "माझाच चुकला, लवू."

"तसा सांगा," लवू म्हणाला. "सकाळी येतंय."

सुगंधा चहा ठेवायला आत गेली.

परतताना गौरजाला एक गोष्ट आठवली. तसाच नवा डबा तिने खारेपाटणला हरिश्चंद्र नावाच्या माणसाच्या आंब्याच्या कारखान्यात बसवला होता. एस.टी.च्या थांब्यावर उभं राहून तिने त्याला फोन लावला.

"डबा दुपारी बंद पडतो का?"

"पडता. रोज."

"त्यावरून कुणाला कामावरून काढलं नाही ना?"

"अजून नाय," हरिश्चंद्र म्हणाला. "पण कोण करता ता माका म्हायत आसा."

"कुणाला काही बोलू नका," गौरजा म्हणाली. "मी येते."