दहा मिनिटांचा फास

सासऱ्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे सुनेनं घ्यायचं नसतं, आणि त्यांना उलटून बोलायचंही नसतं. पहिली गोष्ट मी नऊ वर्षं पाळली आणि आजही पाळते. दुसरी पाळायचं मी त्या दिवशी सोडलं, तेही उशिरा.

उत्तरेकडच्या गवताळ दारखाद खोऱ्यात, बाजाराच्या टोकाला माझं लोखंडी डब्यातलं दुकान आहे. गाड्या चिखलातून, नदीतून ओढून काढायचं सामान मी विकते: कड्या, कप्प्या, दोर आणि गाडीला लावायचे, मोटरनं दोर गुंडाळणारे विंच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "देजिदताई, सगळ्यात जाडजूड कडी द्या." मी विचारते, "विंचला दोर कुठला? तारेचा की धाग्याचा?" त्याला ते माहीत नसतं. मग मी त्याला फैलावर घेते. तारेचा दोर ज्या कप्पीवर फिरला, तिच्या खाचेत कुसळं उठतात आणि ती धाग्याच्या दोराला कापून काढतात. कडीवर वजन कोरलेलं नसेल, तर ती कडी बकऱ्याच्या गळ्यात बांधावी. साखळीतला सगळ्यात कमजोर तुकडा जेवढं पेलेल, तेवढंच तुमचं सगळं सामान पेलतं. माझा नवरा दामदिन म्हणायचा, "हिच्या दुकानात सामान कमी आणि शिव्या जास्त मिळतात."

जूनमध्ये आम्ही जनावरं चारायच्या उन्हाळी तळावर निघालो होतो. पुढे दामदिन त्याच्या जुन्या रशियन जीपमध्ये, चूल आणि तंबूचे नमदे, म्हणजे लोकरीचे जाड पट्टे, घेऊन. मागे मी आमच्या विंच लावलेल्या गाडीत, शेजारी सासरे. दुपारी दोनला नदीशी पोचलो. खरं तर नदी सकाळी ओलांडायची असते, कारण ऊन तापलं की डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी चढतं. पण निघायलाच उशीर झाला होता. दामदिननं जीप पाण्यात घातली आणि मधोमध तिचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं.

तो हसतच खाली उतरला. पाणी मांडीपर्यंत होतं. पुढच्या चाकाभोवतीची वाळू काढायला तो वाकला आणि जीप खचली. आधी मला कळलंच नाही. मग तो ओरडला, "पाय! पाय अडकला माझा!"

मी धावत गेले. त्याच्या नडगीवर जीपचा पुढचा दांडा बसला होता. मी आणि सासऱ्यांनी जोर लावला, पण जीप तसूभरही हलली नाही. पाणी आता त्याच्या कमरेला लागत होतं.

"घाबरू नकोस," मी त्याला म्हटलं. घाबरले मीच होते.

एकेरी दोरानं जीप उचलली जाणार नव्हती. कप्पी जीपला लावायची, दोर तिच्यातून परत उंच काठावर आणायचा आणि झाडाला बांधायचा, म्हणजे ताकद दुप्पट होते. मी सामान उपसलं. तारेची जुनी कप्पी फेकून दिली आणि नवी, गुळगुळीत खाचेची घेतली. वजन कोरलेल्या दोनच कड्या होत्या, त्याच घेतल्या. काठावरच्या लार्चच्या झाडाला रुंद पट्टा गुंडाळला. सगळं एकमेकांशी जुळत होतं. फक्त दोर सात हात कमी पडला.

गाडीत दोराचा एक उरलेला तुकडा होता. एका टोकाला विणलेला फास होता, तो झाडाच्या पट्ट्यात ओवला; दुसरं टोक नुसतं कापलेलं.

"बाबा, दहा मिनिटं द्या," मी म्हणाले. "या टोकाला फास विणते."

"दहा मिनिटं?" सासरे कडाडले. "पोरगं तिकडे बर्फाच्या पाण्यात आहे आणि तू विणकाम काढतेस? आण इकडे!"

त्यांनी टोक हातात घेतलं आणि विंचच्या दोराच्या फासात ओवून गाठ मारली. त्यांच्या गाठी खोऱ्यात नावाजलेल्या आहेत. बिथरलेला घोडा खुंट उपटेल, पण यांची गाठ सुटत नाही. मात्र तो घोड्याच्या केसांचा दोर असतो, खरबरीत, स्वतःलाच चावून धरणारा. हा कारखान्यातला धाग्याचा दोर तुपात बुडवल्यासारखा निसरडा.

"बाबा, हा दोर..." मी म्हणाले.

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून गाठी मारतोय मी, सूनबाई."

लोकांना दुकानात झापणारी मी, तिथे मान खाली घालून विंचकडे गेले.

दोर ताणला. त्यावर मी माझ्या सीटवरचा नमदा टाकला, तुटलाच तर उसळू नये म्हणून. जीप कण्हत वीतभर वर आली. दामदिन ओरडला, "येतोय! येतोय पाय! अजून थोडं!" आणि गाठ सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. टोक फासातून सुळकन निघून गेलं आणि जीप धाडकन खाली बसली.

त्याची ती किंकाळी मी इथे लिहिणार नाही.

सासरे झाडापाशी उभे होते, हातात रिकामं टोक घेऊन. "पुन्हा मारतो," ते पुटपुटले. "दुहेरी मारतो."

"नाही!" मी किंचाळले. "सोडा ते! पाण्यात उतरा आणि त्याचं डोकं वर धरा. जा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोर खाली ठेवला आणि ते पाण्यात उतरले. दामदिन पाण्यात कोसळून बसला होता आणि पाणी त्याच्या छातीशी आलं होतं.

मी गुडघ्यावर बसले. हे दोर पोकळ असतात. टोक निमुळतं करायचं, तारेच्या आकड्यानं दोराच्या पोटात ओढायचं आणि हातभराहून जास्त शेपूट आत पुरायचं. मग जितकं ओढावं तितकं ते आवळत जातं. माझी बोटं बधिर झाली होती. तार दोनदा निसटली.

"देजिद! ओढ!" दामदिन ओरडत होता. "काय करतेयस तू? ओढ गं!"

"थांब!"

"पाणी गळ्याशी आलंय, रांडे, ओढ!"

लग्नानंतर त्यानं मला कधी शिवी दिली नव्हती. मला वाटलं, शेपूट अर्धंच पुरावं. वीतभर पुरलं तरी कदाचित धरेल. कदाचित! आता मी कदाचितवर त्याला टांगणार नव्हते. रडत, नाक पुसत मी सगळं शेपूट आत ओढलं. मग कडी लावली आणि तिचा खिळा घट्ट पिळला.

मान वर केली तेव्हा दामदिन ओरडत नव्हता. सासऱ्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी आभाळाकडे धरलं होतं आणि ओठ तेवढे पाण्याबाहेर होते.

मी विंचचं बटण दाबलं. दोर ताणला. जीप वर आली, वीतभर, मग हातभर, आणि तशीच राहिली. सासऱ्यांनी डुबकी मारली. मी मोजत होते. सातावर दोघंही वर आले.

तो वाचला. जिल्ह्याच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळी हाड नुसतं मोडलं होतं, ते जोडता आलं असतं. दुसऱ्यांदा जे वजन आलं, त्यानं चुरा केला.

सासरे बाहेरच्या बाकावर बसून होते. आत येत नव्हते.

चौथ्या दिवशी दामदिननं विचारलं, "पहिल्यांदा काय सुटलं गं?"

"गाठ."

"कुणाची?"

"बाबांची."

"सुटणार हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. बाकावरचा म्हातारासुद्धा माझ्याच बाजूनं बोलला असता. "हो," मी म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा होते ना."

त्यानं माझा हात शोधला आणि धरला. "तुझ्या जागी मी असतो तरी बोललो नसतो," तो म्हणाला. "कुणीच बोललं नसतं. जाऊ दे."

त्यानं ओरडायला हवं होतं. हात झिडकारायला हवा होता. मी त्याच्या उशाशी बसून होते आणि मला त्याच्या त्या माफीचा भयंकर राग येत होता. तो बोलला नसता, कारण त्याला माहीत नसतं. मला माहीत होतं.