चोर स्विच

दारासमोरच बंद पडलेल्या गाडीत बसून चंद्रकुमारने किल्ली फिरवली आणि मागच्या सीटकडे कान दिला. पेट्रोलच्या टाकीतल्या पंपाची नेहमीची घुरघुर आली नाही. स्टार्टर मारला, तर इंजिन नुसतंच फिरलं, पेटलं नाही. मग त्याने डॅशबोर्डखाली हात घातला आणि बोटाएवढा स्विच हाताला लागला. त्याचा दांडा खाली, बंदकडे पडलेला होता. पायाशी कोंबलेल्या नारळाच्या पिशवीचा धक्का बसला असणार.

तो स्विच त्यानेच बसवला होता. पंपाचा करंट गुपचूप बंद करणारा, चोराला फसवायला लावतात तो चोर स्विच. दोन वर्षांपूर्वी ही गाडीवाली माणसं सोयरे होणार होती, म्हणून त्याने हौसेनं लावून दिला होता. गाडी घेऊन ड्रायव्हर आला होता, त्यालाच सगळं दाखवलं. पुढे ड्रायव्हर नोकरी सोडून गेला आणि मालकांना काही सांगायचं राहूनच गेलं.

चंद्रकुमारने हात बाहेर काढला. स्विच तसाच राहू दिला.

"काय झालं जी?" गाडीचे मालक भय्याजींनी विचारलं.

"पाहा लागन. जुनी गाडी हाय, एकेक वायर तपासा लागन. तुमी सावलीत बसा."

आंधळगावात त्याच्या टिनाच्या शेडला लागूनच घर होतं. भय्याजी, त्यांची बायको पुष्पाबाई आणि मुलगा प्रितम मुकाट्यानं छपरीत जाऊन बसले. याच छपरीत प्रितमचं आणि चंद्रकुमारच्या बहिणीचं, शुभांगीचं, साक्षगंध झालं होतं. तीन महिन्यांनी पोरगा जवाहरनगरला फॅक्टरीत लागला आणि मध्यस्थाकडून निरोप आला की ग्रीसच्या हातांच्या घरात सोयरीक नको. आई, कुंताबाई, महिनाभर बाजाराला गेली नाही. शुभांगी कोणाला काही बोलली नाही. चंद्रकुमार मात्र तो निरोप दोन वर्षं चघळत होता. आज त्याच ग्रीसच्या हातात त्यांची मान सापडली होती, आणि ती त्याला इतक्यात सोडायची नव्हती.

"कुठं निघाले होते?"

"मोहाडीले. पोरगी पाहाले," भय्याजी चाचरत म्हणाले. "अकराच्या आत पोचा लागते."

चंद्रकुमारला हसू दाबावं लागलं. त्याने फ्यूज एकेक करून काढले, फुंकले, उजेडात धरून पाहिले. रिले काढून तोच परत बसवला. मागची सीट उचलून पंपाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लागला नाही.

"करंटच येऊन नाई राहिला," तो म्हणाला. हे तर खरंच होतं.

अर्थिंगची वायर त्याने पॉलिशपेपरने इतकी घासली की सोन्यासारखी चमकली. लॅम्प धरायला प्रितमला बोलावलं, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही काळी झालेली पाहून त्याला मनापासून बरं वाटलं. भय्याजींनी दुसऱ्या गाडीचं नाव काढलं की तो म्हणायचा, "झालंच, दहा मिंट." शुभांगी पाणी देऊन गेली, मग चहा, मग पुन्हा पुन्हा चहा. तिच्याकडे बघायला त्याला फुरसत नव्हती.

एक वाजता मोहाडीच्या लोकांनी फोनवर सांगितलं, आता येऊ नका. भय्याजींचा चेहरा उतरला. चंद्रकुमारच्या जिवाला गार वाटलं. त्याने सगळं जागेवर बसवलं. आता स्विच वर करायचा आणि त्यांना वाटेला लावायचं.

तेवढ्यात पुष्पाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, आणि भय्याजी हात जोडून त्याच्यापुढे आले.

"चंद्रकुमार, हे साधं नाई. गाडी बंद पडली तं कुठं, तुमच्या दारात. देवानंच अडवलं आमाले. झालं गेलं इसरा. तुमची पोरगी अजून घरीच हाय. नारळ तं संगंच हाये आमच्या."

देव नव्हे, स्विच, असं चंद्रकुमारने म्हणावं तर तीन तासांचं नाटक उघडं पडत होतं. दारात कुंताबाई उभी होती. तिने डोक्यावर पदर घेतला होता, आणि तिच्या तोंडावर दोन वर्षांत दिसली नव्हती अशी आशा होती.

शुभांगीने हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. ती गाडीपाशी गेली, वाकली, डॅशबोर्डखाली हात घातला. मग किल्ली फिरवली. पंप घुरघुरला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं.

"पिशवीनं बटन पडलं होतं, काका," ती म्हणाली. "देवाचं काई नाई त्याच्यात. निघा तुमी."

प्रितम खाली मान घालून स्टीअरिंगवर बसला. कुंताबाई आत गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत चंद्रकुमार पाना पुसत उभा राहिला.

"तुले माईत होतं?"

"तू बटन बसवलं तवा लॅम्प मीच धरला होता. आज तू हात घालून रिकामा काढला, तवाच समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू कवा उठवतं त्यायले आपल्या छपरीतून, ते पाहून राहिली होती."

"त्यायची जिरवली ना पण, शुभे."

शुभांगीने कपबशा उचलल्या.

"तू जिरवत होता, तवा चार खेपा चहा मीच नेला त्यायले, दादा," ती म्हणाली, आणि भांडी घासायला मागे निघून गेली.