अर्ध्या टाकीतली बाग

मी पाण्याची टाकी बोलतेय. पुरती नव्हे, अर्धी, आडवी कापलेली. शेतं जाऊन इमारती उठलेल्या माण गावात हैबतरावांची भाड्याच्या खोल्यांची इमारत आहे, तिच्या गच्चीवर मी असते.

पूर्वी मी उभी होते. खालच्या भाडेकरूंच्या नळांना माझ्यातलं पाणी जायचं. एका उन्हाळ्यात मी तडकले. हैबतराव मला भंगारात घालणार होते, पण त्यांच्या पत्नी रत्नाबाई म्हणाल्या, "मला ती टाकी कापून द्या. रान तर ऱ्हायलं न्हाई, हितं काय तरी लावते."

माझ्यात माती आणि शेणखत आलं. लाल भोपळ्याचा वेल कठड्यावर चढला. फुलं भरपूर आली, पण बारकी फळं पिवळी पडून गळायची. रत्नाबाईंना वाटलं, खत कमी पडतंय.

दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू अपेक्षा कपडे वाळत घालायला यायची. ती म्हणाली, "काकू, इथे मधमाशी कधी दिसली का? या फुलातले पराग त्या फुलात नेणार कोण?"

"माशी कशाला येतीय? चौफेर सिमेंट."

मग दोघींनी माश्यांसाठीच लावायचं ठरवलं. तुळस, झेंडू, बडीशेप. कोथिंबीर न खुडता फुलू दिली. माश्या बुडू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत खडे ठेवले.

"कोथिंबीर इकत आणायची आन् घरची माश्यांना घालायची व्हय?" हैबतराव म्हणायचे.

पण माश्या आल्या. कठड्याखाली लहानसं पोळंही लागलं. भोपळे धरू लागले.

एकदा पहिल्या मजल्यावरची भाडेकरू पिंकी गच्चीवर आली असताना तिला माशी चावली. हात सुजला. ती हैबतरावांना म्हणाली, "काका, हे पोळं काढा, नाहीतर आम्ही खोली सोडतो." रत्नाबाई माहेरी गेल्या होत्या. हैबतरावांनी फवारणीवाला बोलावला. औषध पोळ्यावर पडलं, झेंडूवर पडलं, माझ्यावरही. संध्याकाळपर्यंत माझ्या मातीवर मेलेल्या माश्यांचा थर पडला.

रत्नाबाई परतल्या. त्यांनी त्या माश्या ओंजळीत गोळा केल्या.

"भाडेकरू घाबरली हुती," हैबतराव म्हणाले.

"माळावर मोकळी जागा हाय का बगून पोळं हलवलं आसतं. मला इचारायचं तरी." एवढंच बोलून त्या खाली गेल्या. नंतर बरेच दिवस त्या वर आल्या नाहीत. वेलावरची नवी फळं पुन्हा गळायला लागली.

एका सकाळी हैबतराव एकटेच आले. त्यांनी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. अपेक्षाला विचारून आले असावेत. त्यांचे हात जाड, फूल नाजूक. दोन फुलं फाटली. तरी ते रोज येत राहिले. रत्नाबाईंनी जिन्यातून पाहिलं आणि मग त्याही येऊ लागल्या. वरची माती काढून नवी घातली, झेंडू पुन्हा लावला.

आता माश्या येतात, पहिल्याइतक्या नाहीत. पोळं अजून लागलेलं नाही. माझं प्लास्टिक उन्हानं ठिसूळ झालंय, फार वर्षं निघणार नाहीत. तोवर एकच सांगणं आहे: फवारणीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या माणसांना विचारा.

परवा निरंजन नावाचा नवा भाडेकरू वर आला आणि दारातच थांबला.

"काका, चावतात का या?"

"त्यांच्या वाटंत उभा ऱ्हाऊ नको," हैबतराव म्हणाले. "त्यांना काम हाय."