ठमाबाईची घुरघुर

फोरमनना निवृत्तीनंतरही सगळे फोरमनच म्हणत. कारखान्यात कुठलंही मशीन कुरकुरलं की हे आधी त्याला कान लावायचे, मग पान्याला हात. एका सुरात चाललंय ना? मग त्याला डिवचायचं नाही, हा त्यांचा कायदा. माणसांनाही त्यांनी जन्मभर तोच लावला. बायको कुरकुरत नाही, म्हणजे बरी आहे. असो.

बायको गेली आणि घरात उरले दोघं, फोरमन आणि ठमाबाई. ठमाबाई म्हणजे बायकोची म्हातारी मांजर. मिजास विचारू नका! घर जणू तिच्या बापाचं आणि फोरमन भाडेकरू. बशीत खाणं पडलं की यायची, खाऊन झालं की शेपटी वर करून चालती व्हायची. बायकोच्या माघारी फोरमननी किती नाकदुऱ्या काढल्या, पण बाईसाहेब एकदाही मांडीवर बसल्या नाहीत.

मग तिच्या दाढा सडल्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन त्या काढल्या आणि दुखू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ द्यायचं औषध दिलं. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये रेघेपर्यंत भरायचं आणि गालाच्या कोपऱ्यातून तोंडात सोडायचं. सांगायला सोपं हो! पहिल्याच वेळी ठमाबाईनं फेस काढला, फोरमनच्या मनगटावर नक्षी काढली आणि कपाटाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तोच तमाशा.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोरमन खुर्चीत पेपर वाचत होते. ठमाबाई कपाटाखालून निघाली, अडखळत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. आपण होऊन! अंगाचं मुटकुळं केलं आणि घुरघुरायला लागली. फोरमननी श्वाससुद्धा जपून घेतला. पोटावर हात ठेवला तर आतून कशी एकसारखी घरघर, कुठे खटका नाही की खरखर नाही. म्हातारा नुसता हुरळून गेला. मुलाचा फोन आला तर त्याला म्हणाले, "अरे, ही माझ्याशी बोलायला लागली!"

"बाबा, औषध देताय ना?" मुलानं विचारलं.

"कशाला? मस्त चाललंय तिचं. उगाच कशाला डिवचायचं?"

त्या दिवशी औषध राहिलं, ते राहिलंच. ठमाबाई मांडीवरून हलेना आणि फोरमन खुर्चीवरून. पाय बधिर झाले तरी हूं की चूं केलं नाही. किती दिवसांत कुणी असं अंगाला अंग लावून बसलं नव्हतं त्यांच्याजवळ. ते तिला कारखान्यातल्या गमती सांगत, बायकोच्या चुगल्या करत, आणि ती घुरघुरत राही.

फक्त ती खात नव्हती. बशी भरलेली ती भरलेलीच. पाण्यालाही तोंड लावेना, तेव्हा मात्र फोरमननी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"काका, औषध चालू आहे ना?"

"नाही, म्हणजे... तिला दुखत नाहीये हो. सारखी घुरघुरते. दिवसभर."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, मांजरं दुखतं तेव्हाही घुरघुरतात. फार दुखत असलं की स्वतःलाच समजावतात तसं. आत्ताच्या आत्ता औषध द्या. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, या वयात तिला उपास झेपणार नाही."

फोरमननी फोन ठेवला. मांडीवर घुरघुर चालूच होती. म्हणजे ही बया इतके दिवस माझ्याशी बोलत नव्हती, कण्हत होती! आणि मी मूर्ख तिला चुटके सांगत बसलो. त्यांना भडभडून आलं. तिला टॉवेलात गुंडाळून त्यांनी औषध पाजलं. तिनं बोचकारलं, त्यांनी बोचकारू दिलं.

थोड्या वेळानं घुरघुर मंदावली आणि थांबली. घर एकदम रिकामं झालं. ठमाबाई उठली, उतरली, बशीपाशी गेली आणि मऊ खाण्याचे दोन-चार घास जिभेनं ओढले. "शाब्बास गं माझ्या बाई!" फोरमन ओरडलेच. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीपाशी उन्हात जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून निजली.

संध्याकाळी पुन्हा औषधाची वेळ झाली. फोरमननी सिरिंज अर्धी भरली आणि हात थांबला. अर्धंच दिलं तर? खाण्यापुरतं दुखणं कमी होईल आणि मांडीवर येण्यापुरतं उरेल. मनात आलं खरं, आणि आल्याची त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. त्यांनी औषध रेघेपर्यंत ओढलं, डोळ्यांशी धरून पुन्हा एकदा पाहिलं, टॉवेल घेतला आणि खिडकीपाशी गुडघे टेकून बसले.

"चला ठमाबाई," ते म्हणाले, "एवढं घ्या, आणि जा."