अक्काताईंच्या घागरीतला नमुना

मी एक जुनी, तपकिरी काचेची नमुन्याची बाटली आहे. जुनी म्हणजे वय फार नाही, दोन वर्षं. पण मित्रांनो, आम्ही एकदाच भरायचं, एकदाच तपासून घ्यायचं आणि संपायचं असतं. मी भरले, पण संपले नाही. तेच माझं दुःख आहे.

माझ्यात जेमतेम दोन-तीन घोट पाणी मावतं, तरी मला तोरा फार होता. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत दीपाताई मला नव्या मुलांना दाखवून म्हणायच्या, "ही खोटं बोलत नाही." ते ऐकून मी फुगून जायची.

शहराबाहेरच्या एका वस्तीत दोन घरं शेजारी शेजारी होती. एक अक्काताईंचं, एक मेहमुदाबींचं. दोघींत बोअर एकच. ओढ्यापलीकडे एक लहानसा कारखाना होता. तिथे यंत्रांचे तेलकट भाग सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेल सोडवणाऱ्या रसायनात, धुवायचे आणि उरलेलं मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे. ते झिरपत खाली गेलं. बोअरच्या पाण्याला गोडसर वास येऊ लागला. मेहमुदाबींनी अर्ज केला. त्यांची लेक अफसाना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी त्या रोज कळंब्याहून रिक्षाने चांगल्या पाण्याच्या घागरी आणत.

अर्जावरून दीपाताई आल्या, तेव्हा मेहमुदाबी पाणी आणायलाच गेल्या होत्या. आणि लाइट गेलेली!

"मोटार कशी चालणार वो?" अक्काताई म्हणाल्या. "घरात भरून ठेवलंय की, त्यातलं घ्या."

"बोअरचंच आहे ना, मावशी?"

"व्हय की! दुसरं कुठनं आणू?"

दीपाताईंना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला पितळी घागरीतून काठोकाठ भरलं. असे नमुने जोडीने घेतात, एक तपासायला, एक राखीव. आत एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही, कारण सॉल्व्हंट हवेत चटकन उडून जातं. दीपाताईंनी मला उलटी करून, टिचकी मारून पाहिलं. बुडबुडा नव्हता.

पण ते पाणी माझ्यात आलं तेव्हाच मला कळलं होतं, मित्रांनो. त्याला कसलाच वास नव्हता. अक्काताईंचं घर जैनांचं, पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून, उकळून पिणारं. पाहुण्याला कच्चं पाणी देणं त्यांच्या मनातही येणार नाही. सॉल्व्हंट सकाळीच वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून गेलं होतं.

माझ्या जोडीदारणीची तपासणी झाली. अहवाल आला: दोष आढळला नाही. मी फ्रिजमध्ये मागे सरकले आणि तिथेच विसरले गेले.

दोन महिन्यांनी वस्तीतल्या खालच्या आळीतूनही तक्रार आली. या वेळी दीपाताईंनी तिथल्या बोअरची मोटार चालू करून थेट नळाचं पाणी घेतलं. ते तपासलं, त्यात सॉल्व्हंट निघालं आणि त्या खुर्चीवरून उठल्याच. मग त्यांनी मला फ्रिजमधून शोधून काढलं, पिशवीत घातलं आणि तडक अक्काताईंचं घर गाठलं.

"मावशी, त्या दिवशीचं पाणी उकळलेलं होतं?"

"मग? आमच्यात कच्चं कुणी पीत न्हाय." अक्काताई हसत म्हणाल्या, आणि दीपाताईंचं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. "आवो, तुमी गेल्यावर अर्ध्या तासात लाइट आल्ती."

अफसानाचं बाळ आदल्याच आठवड्यात जन्मलं होतं. ते रडलंच नाही. पाण्यामुळेच असं झालं, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नाहीत. पाण्यामुळे नाही, असंही म्हणू शकले नाहीत.

दोघी मेहमुदाबींकडे गेल्या. अक्काताईंनी दारातच सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. मेहमुदाबी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"रिपोर्ट आल्यावर कळंब्याचं पाणी मीच बंद केलं, अक्का," त्या म्हणाल्या. "पोरगी नको म्हणत होती. वास येतोय म्हणत होती. मीच म्हटलं, पी गं, शिक्क्याचा कागद हाय, काय हुईत न्हाय." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "ती आत निजलीया. तिला ह्यातलं काय बी सांगू नगासा."

आता तिथे टँकर येतो. मी दीपाताईंच्या टेबलावर आहे. त्या मला फेकतही नाहीत आणि माझ्याकडे बघतही नाहीत. ते निर्दोष पाणी अजून माझ्या पोटात आहे. दुपारी प्रयोगशाळेत सामसूम झाली की मला एका बाळाचं रडणं ऐकावंसं वाटतं, जे कुणीच ऐकलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी पाण्याचा नमुना घ्यायला आलं, तर त्याला घाई करू देऊ नका. चहा द्या, बसवून ठेवा. ते पाणी कुठलं आणि त्याचं तुम्ही काय काय केलंत, ते कुणी विचारण्याआधीच सांगा. मला सगळं माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.