थंड टाकीतले मासे

धाकटीला सगळं आयतं मिळतं, हे ताईचं मत लहानपणापासूनचं. सरळ नाकसुद्धा तिलाच मिळालं होतं. आता दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत होत्या, कायमची जागा एकच होती आणि ताईच्या पोटात दुखत होतं.

धाकटीचं म्हणणं साधं होतं. थंड पाण्यातल्या माशाच्या तांबड्या पेशीचं आवरण पातळ, तेलासारख्या चरबीचं. कोमट पाण्यातल्याचं थिजल्यासारखं. त्या आवरणात बसून मीठ बाहेर फेकणारं एन्झाइम पातळ चरबीत झपाझप चालतं, घट्ट चरबीत रेंगाळतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर मात्र नकारार्थी मान हलवत. "थंड टाकीतले मासे एका तळ्यातले, कोमट टाकीतले दुसऱ्यातले. फरक जातकुळीचा नसेल कशावरून?"

ताईला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं.

मग धाकटी आजारपणाच्या लांब रजेवर गेली. "ताई, माझ्या माशांकडे बघशील ना? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही." ताई म्हणाली, "बघते की." आणि थंड टाकीच्या कूलरचं बटण ती रोज थोडंथोडं फिरवत गेली, पाणी कोमट होईपर्यंत.

धाकटी परतली, तिने थंड टाकीतल्या माशांचं रक्त तपासलं, तर एन्झाइमची गोगलगाय झालेली. तिचं तोंड उतरलं. ताईने पाठीवरून हात फिरवला, चहा पाजला. स्वतःही दोन कप प्यायली.

पण धाकटीने त्याच रक्तातली चरबीही तपासली आणि टाकीतल्या पाण्याचं तापमानही. चरबी घट्ट झाली होती, पाणी कोमट. तळं तेच, मासे तेच. बदललं होतं पाणी, त्यापाठोपाठ चरबी आणि चरबीपाठोपाठ एन्झाइम. सरांच्या शंकेला जागाच उरली नाही.

"कूलर बिघडला ते बरंच झालं," दोघींना बोलावून सर म्हणाले. "हे मुद्दाम करायचं कोणाला सुचलं असतं, तर जागा त्यालाच दिली असती. आता ती धाकटीची."

मीच केलं, एवढंच ताईला म्हणायचं होतं. पण मग चोरून का केलं, हेही सांगावं लागलं असतं.

बाहेर आल्यावर ताई पुटपुटली, "अगं, माझा हात लागला असेल बटणाला."

"पाणी एकदम तापलं असतं तर मासे मेले असते, ताई. एकही मेला नाही. कोणीतरी फार जपून फिरवलंय." धाकटी म्हणाली. "सरांना मी कूलर बिघडला असंच सांगितलंय. आणि मासे तू सांभाळलेस म्हणून शोधनिबंधावर तुझंही नाव घालायला लावलंय."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर ताईने पाच परत दिल्या असत्या. पण मोठेपणाही धाकटीनेच घेतला होता, आणि ताईला सगळ्यात जास्त हेवा त्याचाच वाटला.